शिक्षक प्रशिक्षणं पुष्कळ झाली, वर्गात किती पोचली?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरी सहकारी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. शिक्षकांचा दर्जा, शिक्षकांचं प्रशिक्षण यावर पेपरात सतत काहीतरी छापून येतं, पण त्यात रोज फळ्यासमोर उभं राहणाऱ्यांचं म्हणणं फार थोडं असतं. म्हणून हा धागा. इथे शिक्षक आहेत, पालक आहेत, बीएड करणारे आहेत, निवृत्त मंडळीही आहेत. सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा.

२०२५ च्या सुरुवातीला राज्यभर पहिली ते बारावीच्या शिक्षकांसाठी क्षमतावृद्धीचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. नवं शैक्षणिक धोरण, राज्य अभ्यासक्रम आराखडा, क्षमताधारित मूल्यांकन, समग्र प्रगती पत्रक असे विषय होते. विषय वाईट नव्हते. शिकवणारे सुलभक आमच्यातलेच शिक्षक, मनापासून तयारी करून आलेले. पण त्यांनाही ते सगळं थोड्याच दिवसांपूर्वी वरून मिळालेलं. राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, अशी ही उतरंड. आमच्यापर्यंत पोचतात त्या पीपीटीच्या पाट्या. 'मुलाच्या विचारप्रक्रियेचं मूल्यांकन करा' हे वाक्य पडद्यावर येतं, आम्ही वहीत उतरवून घेतो. ते करायचं कसं, हे दाखवायला त्या हॉलमध्ये मूलच नसतं.

आता याच्या उलट एक प्रसंग सांगते. माझ्या तिसरीच्या वर्गात वजाबाकी चालू होती. ५२ वजा १७. निम्म्या मुलांचं उत्तर ४५. आमच्या केंद्रातल्या (केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचा गट) एक मॅडम शिक्षण परिषदेसाठी, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या एकत्र बैठकीसाठी, शाळेत आल्या होत्या, त्या आदल्या तासाला माझ्या वर्गात येऊन मागे बसल्या. त्यांनी एका मुलाला जवळ बोलावलं आणि चूक-बरोबर काहीच न म्हणता विचारलं, "तू हे कसं केलंस, मला सांगशील?" पोरगं म्हणालं, "सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार." मॅडम म्हणाल्या, "सातातून दोन का?" तर म्हणे, "मोठ्यातून लहान वजा करायचं असतं ना!" नियम त्याने चोख पाळला होता. पहिली-दुसरीत सगळीकडे हेच वाक्य पाठ करून घेतात. मग मॅडमनी पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "यातल्या सतरा मला दे." त्याने एक गठ्ठा उचलून दिला, मग सुट्या दोन दिल्या, मग थांबला. काही वेळ नुसता बघत राहिला. मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. हातचा म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

त्या तासाभरात मला जे मिळालं ते कोणत्याच हॉलमधल्या प्रशिक्षणात मिळालं नाही. म्हणून विचारते: तुमच्या भागात असं कुणी वर्गात येऊन बसतं का? आणि सरकार एवढं सगळं करतंय, त्यात ही गोष्ट कुठे बसते?

निवृत्त_अधिव्याख्याता

ताई, चांगला धागा काढलात. मी आयुष्याची बरीच वर्षं डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत काढली, म्हणून थोडं मागचं सांगतो.

तुम्ही म्हणता ती 'वर्गात बसणारी' यंत्रणा सरकारच्या कागदावर कधीची आहे. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर १९८७ मध्ये केंद्राने शिक्षक-शिक्षणाची योजना आणली, त्यातून जिल्ह्याजिल्ह्यात डाएट उभ्या राहिल्या. मूळ कल्पना मोठी सुंदर होती. डाएटला स्वतःचं अध्यापक विद्यालय, शेजारी सराव शाळा, जिल्ह्यातल्या शाळांत जाऊन संशोधन करायचं, तिथलेच प्रश्न घेऊन प्रशिक्षण आखायचं. लातूरच्या शिक्षकाचा प्रश्न लातूरच्या डाएटने सोडवायचा, पुण्याने नाही आणि दिल्लीने तर नाहीच. पुढे १९९४ मध्ये आपल्याकडे केंद्रप्रमुख ही पदं निर्माण झाली, राज्यात ४८६० केंद्रं. साधारण दहा-बारा शाळांमागे एक अनुभवी शिक्षक, ज्याचं काम फक्त शाळांत जाऊन शैक्षणिक मदत करणं. त्यानंतर सर्व शिक्षा अभियानात तालुका पातळीवरची गट साधन केंद्रं आली, विषय साधन व्यक्ती (एकेका विषयाचे मार्गदर्शक) आल्या.

म्हणजे आराखड्यात काही कमी नव्हतं. कमी पडलं ते हे, की या माणसांना त्या कामासाठी मोकळं कधीच ठेवलं नाही. अधिव्याख्यात्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. ज्या भरलेल्या, त्यांच्याकडे वरून आलेलं प्रशिक्षण खाली पोचवायचं काम. आम्ही स्वतः आखलेलं प्रशिक्षण हळूहळू बंदच झालं. नव्वदीत स्मार्ट पीटी हे प्राथमिक शिक्षकांचं राज्यव्यापी प्रशिक्षण झालं, मग अभियानाचे वर्षाला वीस दिवसांपर्यंतचे सेवांतर्गत वर्ग झाले, प्रत्येक वेळी साहित्याचे गठ्ठे वरून आले आणि आम्ही पुढे पाठवले. शाळाभेटीला जायचं म्हटलं की त्याच दिवशी एखादी व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, असायची.

२०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डाएटना उत्कृष्टतेची केंद्रं करण्याची घोषणा झाली. मला मनापासून आनंद झाला. इमारती, संगणक, स्टुडिओ सगळं येऊ दे. पण आधी माणसं द्या. डाएटचा अधिव्याख्याता वर्षातले निदान निम्मे दिवस शाळांत दिसला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

बॅच_२०१०

सरांनी सेवेतल्या शिक्षकांचं सांगितलं. मला त्याच्या आधीचं सांगायचंय, कारण आमची सगळी पिढी त्यात भरडली गेली.

बारावीला ८० टक्क्यांच्या पुढे मार्क घेऊन मी डीएडला गेलो. तेव्हा आमच्याकडे हुशार पोरं डीएडलाच जायची, कारण दोन वर्षांत नोकरी, घर उभं राहायचं. ते बघून अध्यापक विद्यालयांचं पेव फुटलं. राज्यात हजाराच्या वर विद्यालयं झाली. संस्थाचालकांची इमारत तीच, बोर्ड वेगवेगळे. आमच्या विद्यालयात (नाव लिहीत नाही) दोन वर्षांत सराव पाठ झाले ते बहुतेक वर्गमित्रांसमोर. आम्हीच मुलं व्हायचो, आम्हीच हात वर करायचो. खऱ्या शाळेत आंतरवासितेला गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी वर्ग हातात दिला आणि ते पगारपत्रकं करायला बसले. तपासायला कुणी आलं नाही, शेरे मात्र वहीत आले.

आणि बाहेर पडलो तेव्हा भरतीच बंद. २०१२ पासून वर्षानुवर्षं भरती नाही. मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी), मग पवित्र पोर्टल (ऑनलाइन भरती). मधल्या काळात मी शेती केली, मोबाईलचं दुकान टाकलं. डीएडच्या जागा ओस पडल्या, विद्यालयं एकामागून एक बंद झाली. जी संस्था चांगली होती तीही गेली आणि जी दुकान होती तीही गेली.

शिक्षक-शिक्षणाची तपासणी करणाऱ्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाचं नाव सगळे घेतात, पण तो आयोग आपल्या महाराष्ट्रातल्या डीएड विद्यालयांच्या प्रकरणातून जन्माला आला हे फार जणांना ठाऊक नाही. २०० हून अधिक, नेमकं सांगायचं तर २९१ नव्या विद्यालयांना एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक-शिक्षण संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, पश्चिम विभागीय समितीने मान्यता दिली आणि राज्य सरकारचा त्याला विरोध होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने २०११ मध्ये आयोग नेमला, ऑगस्ट २०१२ मध्ये अहवाल आला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात त्याच आयोगाचा हवाला देऊन लिहिलंय की देशातल्या दहा हजारांहून अधिक एकट्या-दुकट्या संस्थांपैकी बहुतेक जण शिक्षक घडवण्याचा गंभीर प्रयत्नही करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. सरकारच्याच धोरणात एवढं स्पष्ट लिहिलेलं आहे. मग त्या पदव्या घेतलेल्यांचं काय, आणि त्यांना मान्यता देणाऱ्यांचं काय, यावर मात्र त्यात काही नाही.

टिपणवही

मी बीएड महाविद्यालयात शिकवते. वरच्या प्रतिसादातल्या वेदना खऱ्या आहेत, पण अहवालानंतर काहीच झालं नाही असं म्हणता येणार नाही. एनसीटीईचे २०१४ चे नियम हे वर्मा आयोगाचंच फळ. २०१५ पासून बीएड एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं, आणि त्यातले वीस आठवडे शाळेत काढायचे असं ठरलं. पूर्वी आम्ही सूक्ष्म अध्यापन, मग काही सराव पाठ, टिपणं, की झाली परीक्षा. पाठ टिपण सुंदर अक्षरात, चार रंगांच्या पेनांनी लिहिलं की गुण. आता निदान विद्यार्थी सलग शाळेत राहतो. परिपाठ, मुलांची भांडणं, पोषण आहार, पालकसभा, सगळं बघतो.

तरी नियमात एक मोठी फट राहिली. वीस आठवडे विद्यार्थी शाळेत असतो, पण त्याला तिथे कोण घडवतं? शाळेतल्या शिक्षकाला या कामाचा ना वेळ मिळतो, ना मानधन, ना मान. ज्या शिक्षिकेकडे छात्राध्यापक पाठवले आणि ती खरोखर त्यांच्याबरोबर बसली, तिथले विद्यार्थी वेगळेच होऊन परत येतात. मी हे दर वर्षी बघते. एका मुलीने परत आल्यावर मला विचारलं, "मॅडम, मुलांनी प्रश्न विचारला नाही म्हणजे त्यांना समजलं असं आपण धरतो, ते चुकतंय ना?" पुस्तकातल्या कोणत्याही प्रकरणाने तिला हा प्रश्न पडला नसता. तो वर्गाने आणि तिच्या मार्गदर्शक बाईंनी पाडला.

आता चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आलाय, आयटेप. बारावीनंतर चार वर्षं, पदवी आणि बीएड एकत्र, प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून. २०२३-२४ पासून देशातल्या ५७ संस्थांत पथदर्शी सुरुवात झाली, आणि २०३० पर्यंत हीच किमान पात्रता करायचं धोरणात म्हटलंय. कल्पना नवी नाही. प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं साठच्या दशकात सुरू झाली तेव्हापासून भोपाळ, म्हैसूरला चार वर्षांचे अभ्यासक्रम चालतात आणि दिल्ली विद्यापीठाचं बीएलएड (प्राथमिक शिक्षणाची चार वर्षांची पदवी) १९९४ मध्ये सुरू झालं. तिथून निघालेले शिक्षक उत्तम आहेत हे मी स्वतः पाहिलंय.

माझी काळजी वेगळी आहे. ग्रामीण महाराष्ट्रातली मुलगी बारावीनंतर चार वर्षं घराबाहेर राहून शिकेल का? डीएड तालुक्याला होतं म्हणून हजारो मुली शिक्षिका झाल्या. वाईट विद्यालयं बंद करायलाच हवी होती, पण त्यांच्या जागी मुलींच्या आवाक्यात काय येणार, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाशिवाय हा अभ्यासक्रम शहरी मुलांचाच होऊन बसेल.

पालक_हडपसर

मी शिक्षण क्षेत्रातली नाही. माझी दोन्ही मुलं शाळेत आहेत. प्रामाणिकपणे विचारते, राग मानू नका. टीईटीला शिक्षकांचा एवढा विरोध का? पहिली ते आठवीच्या पातळीच्या विषयांवरची परीक्षा, १५० पैकी ९० गुण हवेत. तरी उत्तीर्णांचं प्रमाण बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यात असतं. पालक म्हणून हे वाचून भीती वाटते. त्यात २०१९-२० च्या परीक्षेत गैरप्रकार होऊन साडेसात हजारांवर उमेदवार अपात्र ठरले, परीक्षा घेणाऱ्यांनाच अटक झाली. मग कशावर विश्वास ठेवायचा?

मांजराकाठ

राग कसला, रास्त प्रश्न आहे. मी टीईटी उत्तीर्ण आहे, त्यामुळे स्वतःसाठी बोलत नाही.

नव्याने येणाऱ्याला चाळणी हवीच. पण १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यानुसार आधीपासून सेवेत असलेल्यांनाही टीईटी लागते. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर सेवा संपते. पाचपेक्षा कमी राहिली असतील तर नोकरी टिकते, पदोन्नती मात्र नाही. माझे सहकारी सर पंचवीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतात. त्यांच्या हाताखालचं एकही मूल वाचायला शिकल्याशिवाय दुसरीत गेलेलं मी पाहिलं नाही. आता शाळा सुटली की ते बालमानसशास्त्राच्या गाइडमधून वस्तुनिष्ठ प्रश्न पाठ करतात. २३ नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेला असे कितीतरी जण बसले.

माझं म्हणणं एवढंच की दीडशे वस्तुनिष्ठ प्रश्नांतून शिक्षकाला काय माहीत आहे ते कळतं, तो पहिलीच्या मुलाला वाचायला कसं शिकवतो ते कळत नाही. सेवेतल्या माणसाची परीक्षा घ्यायचीच तर त्याच्या वर्गात येऊन घ्या. आम्ही तयार आहोत.

पालक_हडपसर

हा मुद्दा पटला. पण वर्गात येऊन तपासणार कोण? तेच तर कुणी येत नाही म्हणताय.

केंद्रावरून

मी येतो. म्हणजे यायचा प्रयत्न करतो. केंद्रप्रमुख आहे, सातारा जिल्ह्यात. शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त पदभारही माझ्याकडेच आहे.

माझा दिवस सांगतो. सकाळी व्हॉट्सॲपवर माहितीचे नमुने येतात. यू-डायस, आधार जुळणी, पोषण आहार, शाळाबाह्य मुलं, वृक्षलागवडीचे फोटो. सगळं 'आजच, तातडीने'. शाळेत पोचलो तरी मुख्याध्यापकांशी बोलणं चालतं ते याच आकड्यांवर. मागे बाकावर बसून एक तास बघायचा म्हणजे फोन बंद करावा लागतो, आणि फोन बंद केला की नोटीस. ताईंच्या केंद्रातल्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. त्यांनी तो तास कुठून तरी ओढून काढला असणार.

तरीही हे होऊ शकतं, हे आम्ही आमच्याच जिल्ह्यात पाहिलंय. कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडची केंद्रं) शाळांत ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीचं, काम उभं राहिलं ते कुठल्या हॉलमध्ये नाही. फरशीवर आखलेले तक्ते, काड्या-खडे-मणी, गटात बसलेली मुलं, आणि बाजूला बसून बघणारे शिक्षक. विस्तार अधिकारी आणि शिक्षक एकत्र वाचायचे, एकमेकांचे वर्ग बघायचे, चुकलं तर दुसऱ्या दिवशी बदलायचे. २२ जून २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय आला तेव्हा या कामाचा मोठा आधार होता. त्या काळात राज्यभरातून शिक्षक स्वखर्चाने गाड्या करून कुमठ्याच्या शाळा बघायला यायचे. सगळ्यांना सरसकट एकच प्रशिक्षण द्यायचं बंद करून शिक्षक मागतील ते द्यायचं, असंही तेव्हा ठरलं होतं. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात उत्साहाचा काळ.

पण मग तेही वरून आलं. शंभर टक्के शाळा प्रगत झाल्याचे आकडे मागायला लागले. ज्या शाळेत फरशा रंगवल्या ती ज्ञानरचनावादी शाळा, असा हिशेब झाला. फरशी रंगवणं सोपं असतं, ती का रंगवली हे समजायला शिक्षकाला वर्ष-दोन वर्षं सोबत लागते. ती सोबत कुणी दिली नाही.

डोंगरपायथा

केंद्रप्रमुख सरांशी शंभर टक्के सहमत. यात इंग्रजीचा अनुभव जोडतो. २०१६ च्या सुमारास 'तेजस' प्रकल्प चालू झाला. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्सचा. त्यात मोठं शिबिर नव्हतं. आसपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र जमायचे, टॅग म्हणायचे त्या गटाला. मागच्या वेळी ठरवलेली एखादी कृती वर्गात करून बघायची आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगायचं. माझी स्वतःची इंग्रजी बोलायची भीती तिथे गेली, कारण समोर बसलेले सगळे माझ्यासारखेच. कुणी तपासणारा नव्हता, आणि तरी करून न येणाऱ्याला सांगायला काही नसायचं, त्यामुळे सगळे करून यायचे.

प्रकल्प संपला. आमचा गट पुढे काही महिने आपापल्या हौसेने चालला, मग बदल्या झाल्या आणि विखुरला. प्रकल्प म्हणून आलेलं काम प्रकल्पाबरोबर जातं, हे शासनाला माहीत नसेल असं नाही. स्टार्ससारखा जागतिक बँकेच्या मदतीचा मोठा प्रकल्पही महाराष्ट्रासह सहा राज्यांत आला. त्यातून बरंच काही झालं. पण निधीची मुदत संपल्यावर काय उरतं, हे आधी ठरवून मग काम सुरू व्हायला हवं.

बॅच_२०१०

ऑनलाइन कोर्सवर कुणी बोललं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं, देशभरातल्या ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोचायचं लक्ष्य होतं. कोविडमुळे ते २०२० मध्ये सरकारच्या दीक्षा ॲपवर गेलं. मला २०२४ च्या भरतीत नोकरी लागली, शिक्षणसेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर) म्हणून १६ हजारांवर (२०२३ च्या आधी तर प्राथमिकला ६ हजारच होते). वयाच्या पस्तिशीत पहिली नेमणूक, तीही दुर्गम तालुक्यात. मी मनापासून काही कोर्स केले, त्यातलं पायाभूत साक्षरतेवरचं काही साहित्य खरोखर चांगलं आहे. पण डोंगरात रेंज नाही. आणि प्रमाणपत्र किती जणांनी मिळवलं याचीच यादी व्हॉट्सॲप गटात पडते, त्यामुळे बहुतेक जण व्हिडिओ चालू ठेवून दुसरं काम करतात.

धोरणात वर्षाला निदान पन्नास तास व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. पन्नास तास पुष्कळ होतात. त्यातले निम्मे जरी दुसऱ्याचा वर्ग बघण्यात आणि आपला दाखवण्यात धरले तर माझ्यासारख्या नव्या माणसाचं सोनं होईल. मला आजवर कुणी शिकवताना पाहिलेलं नाही. पाहावं असं मला फार वाटतं.

निवृत्त_अधिव्याख्याता

तुमचं शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं. तीन वर्षांचा शिक्षणसेवक कालावधी हा खरं तर नव्या शिक्षकाला हाताशी धरून घडवण्याचा काळ. २००० साली ही योजना आली तेव्हा तो पैसे वाचवण्याचा मार्ग झाला, घडवण्याचा नाही. निदान आता मानधन वाढलंय, तर त्या तीन वर्षांना एक अनुभवी शिक्षक जोडून द्या. राष्ट्रीय पातळीवर मार्गदर्शक शिक्षकांची योजना आखलेली आहेच. शिक्षणसेवकांपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

पालघरची_ताई

सगळे पहिलीपासून बोलताहेत, म्हणून अंगणवाडीचं लिहिते. मी पर्यवेक्षिका आहे.

नव्या धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर. म्हणजे अंगणवाडी सेविका आता शिक्षिकाच झाली. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेलीला वर्षाचा पदविका अभ्यासक्रम, असं धोरणात आहे. चांगलंच आहे. पण आमच्या सेविकांना पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, वजनं, लसीकरण, गरोदर बायांच्या भेटी हे सगळं करून मुलांसाठी तासभर उरतो.

आमच्या भागाला तरी प्रशिक्षण म्हणजे काय हे बाहेरून शिकायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं. बालवाडी चालवता चालवता गावातल्या बाया शिकवणाऱ्या झाल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा पाड्यावर, अंगणात. साधनं शिंपल्यांची, बियांची, पानांची. बाई मुलांबरोबर काम करतेय आणि शिकवणारी तिच्या शेजारी बसलीय, हीच त्यांची पद्धत. माझ्या हातात असतं तर प्रत्येक तालुक्यातली एक चांगली अंगणवाडी निवडून बाकीच्या सेविकांना तिथे आठ-आठ दिवस राहायला पाठवलं असतं.

टिपणवही

ताई, हे फार महत्त्वाचं. आणि हे वाचताना जाणवलं की धागा काढणाऱ्या ताईंच्या वजाबाकीच्या मॅडम, कुमठे, टॅगचे गट, कोसबाड या सगळ्यांत शिकणारा शिक्षक मुलांच्या जवळ आहे. हॉलमध्ये नेऊन बसवलेला नाही. माझ्या महाविद्यालयापुरतं मी एक करू शकते. छात्राध्यापक ज्या शाळांत पाठवतो तिथल्या मार्गदर्शक शिक्षकांना आमच्या बैठकीत बोलावून मूल्यमापनात त्यांचा शब्द घ्यायचा. नियमात याला आडकाठी नाही. प्राचार्यांशी बोलते.

केंद्रावरून

आणि आमच्याकडून एक मागणी. सगळ्यांनी आपापल्या केंद्रात, संघटनेत मांडा. केंद्रप्रमुखाचे आठवड्यातले दोन दिवस 'वर्गभेटीचे' म्हणून राज्यानेच जाहीर करावेत. त्या दिवशी व्हीसी नाही, तातडीची माहिती नाही. माहिती भरायला तालुक्याला गट पातळीवर डेटा ऑपरेटर द्या. खर्च पाच दिवसांच्या राज्यव्यापी प्रशिक्षणापेक्षा जास्त येईल असं वाटत नाही.

दुसरं, शिक्षण परिषदेत पीपीटी बंद. ज्या शाळेत परिषद, तिथला एक पाठ सगळ्यांनी मिळून बघायचा आणि नंतर फक्त मुलांनी काय केलं यावर बोलायचं. शिक्षकाच्या चुका काढायच्या नाहीत. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, पुढच्या महिन्यापासून मी माझ्या केंद्रात करतो.

मांजराकाठ

सर, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला आमचं केंद्र तयार आहे. पुढची परिषद माझ्याच शाळेत आहे. मी तिसरीला हातच्याची वजाबाकी घेते, पण या वेळी तीन अंकी, मधल्या शून्याची. ४०३ वजा १६८. इथे मुलं अडतात आणि आम्हीही अडतो. दशकाच्या घरात काहीच नसताना शतकाचा गठ्ठा सोडून सुट्यांपर्यंत कसं यायचं, हे काड्यांनी दाखवताना फार पसारा होतो. नोटांनी करावं असं वाटतंय, शंभराची मोडून दहाच्या दहा, मग दहाची मोडून सुटे. कुणी करून पाहिलंय का? पाहिलं असेल तर मुलं कुठे गोंधळली तेवढं लिहा, म्हणजे बघायला बसणाऱ्यांना आधीच सांगून ठेवीन.

डोंगरपायथा

नोटांनी केलंय. मुलं शंभराची मोडतात, दहाच्या दहा घेतात, पण त्यातली एक पुन्हा मोडायची हे विसरतात, आणि दशकाच्या घरात नऊऐवजी दहाच धरतात. तेवढ्या जागी लक्ष ठेवायला सांगा. आणि नोटा हाताळायला प्रत्येक जोडीला वेगळ्या द्या, गटात एकच मूल मोडतं आणि बाकीची बघत बसतात.